इसाकभाईंच्या पाच फेऱ्या

इसाकभाई दुसऱ्यांदा चालायला शिकले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

जूनमध्ये त्यांना झटका आला. फार मोठा नव्हता. वाकडं झालेलं तोंड आठवड्यात सरळ झालं, उजवा हात महिन्याभरात कपबशी धरायला लागला. उजवं पाऊल मात्र मागे राहिलं. पाय उचलायला जावं तर टाच वर यायची आणि चवडा जमिनीलाच चिकटून राहायचा, जणू मागून कुणीतरी चपलेवर पाय देऊन उभं आहे.

व्यायाम शिकवायला वेदिका नावाची मुलगी यायची. वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, पाय चालायचं विसरलेला नाही. डोकं पायाला सांगायचं विसरलंय. रोज चाळीस मिनिटं चाला. आधी टाच, मग चवडा. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते भराभर येईल, नंतर फार सावकाश. आणि पडायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या. डोक्यावर पडलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

इसाकभाईंनी मान हलवली. माणूस मुळात कमी बोलणारा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं फिटर होते. पंपाला कान लावून आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. आमच्या सोसायटीत कुणाचा नळ गळायला लागला की पाना घेऊन यायचे, नळ नीट करायचे आणि चहाला थांबा म्हटलं की "पुढच्या वेळी" म्हणून निघून जायचे. कुणाकडे काही मागितलंय, असं मी त्यांना वीस वर्षांत पाहिलं नाही.

पण चालायचं कुठे? आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे, त्यावर पानटपरी, विजेच्या दोन डीपी आणि उखडलेले ब्लॉक आहेत. सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे. गच्चीवर पाइपांचं जाळं. उरला तो महानगरपालिकेच्या बागेतला जॉगिंग ट्रॅक. सपाट, गाड्या नाहीत, कडेला धरायला लोखंडी कठडा. एक फेरी अडीचशे मीटरची. धडधाकट माणूस पाच फेऱ्या पंधरा मिनिटांत मारतो. इसाकभाईंना एका फेरीला आठ मिनिटं लागायची. पाच फेऱ्या म्हणजे चाळीस मिनिटं. हिशोब बरोबर बसला.

गणपती उठल्यावर ते ट्रॅकवर यायला लागले. आम्ही चार-पाच बायका तिथल्या हिरवळीवर सतरंज्या टाकून योगासनं करतो, त्यामुळे ते रोज दिसायचे. पांढरा पायजमा, वर स्वेटर, मान खाली. पावलाकडे बघत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत जायचे. आम्हाला आधी वाटलं, नामस्मरण करतात. एकदा अगदी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं, "टाच, चवडा. टाच, चवडा."

*

आता किशोरबद्दल सांगायला हवं.

किशोर आमच्या बी विंगमध्ये राहतो. वय पंचेचाळीस, मूळचा चांदवडचा, इथे टाइल्सचं दुकान. आवाज मोठा आणि मनही मोठं. टँकर मागवायचा असो की कुणाच्या मुलीच्या लग्नाला हॉल हवा असो, पहिला फोन किशोरला. इसाकभाईंना झटका आला त्या सकाळी वीज गेली होती. ज्या माणसानं बत्तीस वर्षं वीज केंद्रात काढली, त्याच्याच विंगची लिफ्ट ऐन वेळी बंद. त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, जिन्यात येऊन हाक मारली आणि किशोर बनियनवर धावत आला. प्लास्टिकच्या खुर्चीत इसाकभाईंना बसवलं, एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं सेक्रेटरी जयरामभाऊंनी, आणि चार मजले उतरून गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर वेगळी गोष्ट होती.

तेव्हापासून हमीदाभाभींकडे काही गोड झालं की पहिला डबा किशोरकडे जातो.

याच किशोरनं मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर एक कुत्रा आणला. लॅब्रॅडोर, फिकट खव्याच्या रंगाचा. नाव ठेवलं पेढा. "कुत्र्याचं नाव पेढा!" हमीदाभाभी मला म्हणाल्या होत्या. "आता पेढा तोंडात टाकताना आधी त्याचं तोंड आठवतं बघा."

पेढा दीड वर्षात बत्तीस किलोचा झाला. किशोर त्याला रोज सकाळी ट्रॅकवर आणायचा आणि फाटकाच्या आत शिरल्याबरोबर गळ्यातला पट्टा सोडायचा. मग स्वतः बाकावर बसून दुकानाचे फोन सुरू करायचा. पेढा मोकळा. तो पळणाऱ्या मुलांच्या मागे पळायचा, आमच्या सतरंज्यांवर लोळायचा आणि हिरवळीवर जागा बघून बसायचा. बाग झाडणाऱ्या सिंधुबाई त्यावर माती टाकायच्या. एकदा झाडू आपटत त्या म्हणाल्या, "कुत्रं खाली बसतं, मालक वर आभाळाकडं बघतो, आन् मी खाली बघते. रोजचं ठरल्यालं हाय."

आम्ही हसलो. पण किशोरला कोणी काही बोललं नाही. मी तरी कुठे बोलले? आमच्या फ्लॅटचं गळणारं बाथरूम त्यानंच आपला माणूस पाठवून दुरुस्त करून दिलं होतं.

*

कुत्रा पाळणाऱ्या लोकांचं एक वाक्य आहे. "काही करत नाही हो तो."

ते बहुतेक वेळा खरंही असतं. पेढा चावणारा नव्हताच. माणूस दिसला की त्याला आनंद व्हायचा, आणि तो आनंद तो अंगानं सांगायचा. पहिल्यांदा त्यानं इसाकभाईंना तो सांगितला तेव्हा ते दुसऱ्या फेरीत होते. मागून येऊन त्यानं त्यांच्या लोंबत्या उजव्या हातात ओलं नाक खुपसलं. इसाकभाई दचकले, टाच-चवडा चुकला, आणि त्यांनी कठडा पकडला.

बाकावरून किशोर ओरडला, "काही करत नाही तो चाचा! लाड करून घेतोय!"

इसाकभाईंनी हात वर केला, ठीक आहे म्हणून. मग तो हात अंगापासून लांब धरून त्यांनी फेरी पुरी केली आणि दोनच फेऱ्यांवर घरी गेले.

त्यांचे आजे-पणजे कोकणातून नाशकात आलेले. त्या घराण्यात अजून पाळतात ते असं, की कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा सात पाण्यानं धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. त्याशिवाय नमाजाला उभं राहता येत नाही. हमीदाभाभींनी माहेरच्या शेतातली चाळलेली माती एका डब्यात भरून बाल्कनीत ठेवली होती. वीस वर्षांत चारदा लागली असेल. त्या महिन्यात डबा अर्ध्यावर आला. हात धुणं सोपं. पण पायजम्याला पेढ्यानं तोंड पुसलं की तो मशीनमध्ये टाकायची सोय नाही. बादलीत, हातानं, सात वेळा. मातीच्या पाण्यानं बाथरूमची जाळी तुंबायची, ती मग काडीनं मोकळी करायची.

"तुम्ही बोला त्याला," पिळा घालता घालता भाभी म्हणायच्या.

"काय बोलू? ज्यानं खुर्चीत बसवून खाली नेलं, त्याला सांगू का, तुझं कुत्रं आवर म्हणून?"

"मग मी बोलते."

"तू नाही बोलायचं."

"मग कोण, मी धुतलेला पायजमा बोलेल?"

इसाकभाई यावर उठून दुसऱ्या खोलीत जायचे. तेही सावकाश, म्हणजे रागानं उठून जाण्याची सोयसुद्धा राहिली नव्हती.

*

दिवाळीनंतर आठ दिवसांनी ते पडले.

मी पाहिलं. पेढा एका चेंडूच्या मागे होता, चेंडू कठड्याखालून गेला, आणि पेढा वळला तो सरळ इसाकभाईंच्या दोन पायांमधून. ते आधी गुडघ्यावर आले, मग हातावर, मग कुशीवर. डोकं कठड्यापासून एक वीत लांब राहिलं. एक वीत म्हणजे मी खरोखर मोजल्यासारखं बघितलं होतं.

आम्ही धावलो, जयरामभाऊ धावले, किशोरही धावला. त्यानंच इसाकभाईंना काखेत धरून उठवलं. तळहात सोलला होता, रक्त थांबत नव्हतं. किशोरनं स्वतःचा रुमाल बांधला आणि पेढ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शेम शेम! चाचांना पाडलं ना? सॉरी म्हण!" पेढ्यानं शेपूट हलवली. इसाकभाई म्हणाले, "असू दे." त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला माझीच लाज वाटली.

त्याच दिवशी जयरामभाऊंनी मनावर घेतलं. जयरामभाऊ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि मसुद्याचे भोक्ते. ट्रॅकवर येणाऱ्या आम्हा साठ-सत्तर जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याचे ते ॲडमिन. संध्याकाळी ग्रुपवर मजकूर आला:

"सर्व श्वानप्रेमींना नम्र विनंती. आपल्या ट्रॅकवर येणाऱ्या ज्येष्ठ मुस्लिम बांधवांच्या धार्मिक भावनांचा आदर राखून कुत्री मोकळी सोडू नयेत. मुस्लिम धर्मात कुत्रे चालत नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

हमीदाभाभींनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. "बांधव म्हणजे? कोण कोण येतात?"

"मी एकटाच," इसाकभाई म्हणाले.

भाभी हसल्या, पण फोन पुन्हा टुणटुणायला लागला तेव्हा थांबल्या. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं. एकीनं आपल्या कुत्र्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "हिच्याही भावना आहेत." एका अनोळखी नंबरानं लिहिलं, "ट्रॅक सार्वजनिक आहे. कुणाच्या धर्मानं चालणार नाही." त्याच्या खाली तीन अंगठे. मग, "उद्या म्हणतील हास्यक्लब बंद करा." पुन्हा अंगठे. जो माणूस पडला होता त्याच्या पायाबद्दल त्या सगळ्यात एक शब्द नव्हता.

मजकूर कुठून तरी पुण्याला पोचला. नईमचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "अब्बा, हे काय चाललंय? दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत नाही का? आपलं नाव असं ग्रुपमध्ये फिरलेलं बरं नाही. छोडो ना वो ट्रॅक. घरातच चाला. मी ट्रेडमिल पाठवतो."

"ट्रेडमिलवर पट्टा पायाखालून पळतो, नईम. माझा पाय आधीच मागे राहतो."

"मग गॅलरीत चाला. पण तिकडे जाऊ नका. अम्मीला फोन द्या."

अम्मी मुलाच्या बाजूनं झाल्या. इसाकभाई घरात चालू लागले. हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं. मग वळायचं. वळतानाच तोल जातो, म्हणून दर अकरा पावलांना भिंत धरायची. भाभी पोळ्या करत असल्या की त्यांना बाजूला व्हायला लागायचं. दोघं दिवसातून तीसदा एकमेकांना वाट देत होती आणि दोघांचाही त्यावरून खटका उडत होता.

नवव्या दिवशी वेदिका आली. तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितला, पोटरी दाबली, पाऊल वर ओढायला सांगितलं. पाऊल थरथरलं आणि खाली पडलं. तिनं इसाकभाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"काका, चालणं बंद आहे का?"

"घरात चालतो."

"घरात चालणं म्हणजे वळणं. पाच फेऱ्यांपर्यंत आला होतात तुम्ही. सहा महिने व्हायला पंधरा-वीस दिवस राहिलेत. आत्ता सोडलंत तर हे पाऊल असंच राहील. मग काठी, मग वॉकर. मला खोटं बोलता येत नाही."

ती गेल्यावर इसाकभाई बराच वेळ पाऊल तसंच उघडं ठेवून बसले होते. मग भाभींना म्हणाले, "बाहेरचा पायजमा दे."

*

आधी ते जयरामभाऊंकडे गेले. लिफ्टनं एक मजला, मग दहा पावलं.

"जयरामभाऊ, तो मेसेज काढून टाका."

"आता सगळ्यांकडून डिलीट होत नाही, वेळ गेली. आणि काढायचं कशाला? तुमच्या भल्यासाठीच लिहिलंय. मी तीन वर्षं लिहितोय, घाण होते, लहान मुलं घाबरतात. कोण ऐकतंय? धर्माचं नाव घेतलं की लोक सावध होतात."

"सावध नाही होत, घाबरतात. आणि घाबरलेला माणूस नंतर चिडतो. चिडल्यावर तुमच्या घरी येत नाही, माझ्या घरी येतो."

 जयरामभाऊ जरा मऊ होऊन म्हणाले, "पण खोटं काय लिहिलं मी? तुमच्यात कुत्रं चालत नाही, हे तर खरं ना?"

"कुत्रं चालतं की नाही हा प्रश्नच नाहीये. मी चालतो की नाही, हा आहे." इसाकभाईंनी दाराची चौकट धरली. "आणि तुम्हाला पेढ्याचा त्रास होतो ना? मग तुमचं नाव का नाही घातलं?"

 हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाला लागू होता. आम्हा सगळ्यांना त्रास होत होता आणि आम्ही सगळ्यांनी तो एका माणसाच्या धर्माच्या खात्यावर टाकून हात झटकले होते. जयरामभाऊंनी मजकूर लिहिला तेव्हा मीही मनात म्हणाले होते, बरं झालं, परस्पर काम झालं.

तिथून इसाकभाई किशोरकडे गेले. पुढचं मला उज्वलानं, किशोरच्या बायकोनं, तुकड्यातुकड्यानं सांगितलं, उरलेलं भाभींनी.

दार उघडताच किशोर आत ओरडला, "उज्वला, पेढ्याला बाल्कनीत कोंड, चाचा आलेत!" मग त्यानं इसाकभाईंना धरून सोफ्यावर बसवलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू झाला.

"चाचा, आधी माझं ऐका. मीच येणार होतो. आईशपथ सांगतो, मला माहीतच नव्हतं तुमच्यात कुत्रं चालत नाही. एवढी वर्षं एका आवारात राहतो, पण डोक्यातच आलं नाही. तो ग्रुपवरचा मूर्ख आहे ना, चालणार नाही लिहिणारा, त्याला मी फोन करून झापलाय. आता असं ठरवलंय, मी पेढ्याला सहाला आणतो, साडेसहाला घेऊन जातो. तुम्ही सातला या, निवांत. तुमच्या धर्माला माझ्याकडून धक्का लागणार नाही. शब्द आहे माझा."

तो मनापासून बोलत होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, असं उज्वला म्हणाली.

इसाकभाईंना फक्त हो म्हणायचं होतं. ट्रॅक मोकळा मिळत होता, किशोर दुखावत नव्हता, नईम निश्चिंत झाला असता. त्यांनी उज्वलानं आणलेल्या चहाचा कप डाव्या हातानं उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"किशोर, धर्माचं माझं मी बघतो. लाळ लागली तर हमीदा सात पाण्यानं धुते. ते आमच्या घरातलं काम आहे, त्यात तुझं काही नाही. पण मी डोक्यावर पडलो तर ते किती पाण्यानं धुणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी मुसलमान नसतो तरी हेच सांगायला आलो असतो. पट्टा बांध. मी असतो तेव्हाच नाही. कायम."

"अहो पण चाचा, पेढा काही करत नाही…"

"तो नाही करत. तूही काही करत नाहीस. तेच सांगायला आलोय."

उज्वला म्हणते, तिनं किशोरचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार करत होते. धर्माची अडचण त्यानं किती सहज मान्य केली होती! त्यात त्याला मोठं होता येत होतं. वेळ बदलायची, शब्द द्यायचा, वर एकाला झापायचं. त्यात त्याची चूक कुठेच नव्हती. आणि इसाकभाई त्याला साध्या माणसानं साध्या माणसाला सांगावं तसं सांगत होते की तुझं चुकतंय. ते घ्यायला त्याच्याकडे जागा नव्हती.

"चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला चार मजले…" किशोर बोलला आणि मध्येच थांबला.

"बोल की. ते तू रोज बोललास तरी मी ऐकेन. ते खरं आहे आणि मी मरेपर्यंत खरं राहील. पण त्या उपकारात कुत्रं बसवू नकोस, किशोर. ते दोन वेगळे हिशेब आहेत."

स्वयंपाकघराच्या दारातून उज्वला म्हणाली, "मी सांगते तेव्हा म्हणतात, तुला कुत्र्याची ॲलर्जी आहे."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"बाहेर बोलायला तरी तोंड कुठे ठेवलंय? वर्ष झालं, तुम्ही त्याला सोडता आणि बायका मला येऊन सांगतात."

बाल्कनीच्या काचेवर पेढा पंजे आपटत होता. इसाकभाई उठले. उठायला वेळ लागला. किशोर सोफ्यावरच बसून राहिला. लिफ्टपर्यंत उज्वला आली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इसाकभाई ट्रॅकवर आले. हमीदाभाभी त्यांच्या मागून दहा पावलांवर. "मी तुमच्याबरोबर नाही आले, मी योगाला आले," असं त्यांना बजावून भाभी आमच्या सतरंजीवर येऊन बसल्या आणि एकही आसन न करता ट्रॅककडे बघत राहिल्या.

सव्वासातला किशोर आला. सहाला नाही. पेढ्याच्या गळ्यात पट्टा होता आणि तो किशोरच्या मनगटाला दोन वेढे घेऊन होता. दोघंही ओढाताणीत होते. पेढ्याला सवय नव्हती आणि किशोरलाही. तो आमच्याकडे न बघता पुढे गेला. नेहमीचं मोठ्यानं "गुड मॉर्निंग" नाही, काही नाही. भाभींनी माझा हात दाबला.

खरं सांगायचं तर सगळं काही बदललं नाही. त्या दिवशीही पेढा हिरवळीवर बसला, किशोरनं आभाळाकडे पाहिलं, आणि सिंधुबाई खराटा तिथेच टाकून माती आणायला गेल्या. त्याला अजून वेळ लागेल, किंवा लागणारही नाही.

पण इसाकभाईंची तिसरी फेरी आली. ट्रॅक तिथे अरुंद आहे, शेजारी बोगनवेलीचं कुंपण. समोरून किशोर येत होता. इसाकभाईंना येताना पाहून तो ट्रॅकवरून खाली उतरला, पट्टा आखडला, कुत्र्याला पायाशी घट्ट धरलं आणि त्यांना जाऊ द्यायला उभा राहिला.

त्याला वाटलं असेल, अर्ध्या मिनिटाचं काम. पण इसाकभाईंना त्याच्यापर्यंत पोचायलाच खूप वेळ लागला. टाच. मग चवडा, जो वर येत नव्हता. मग मांडीतून ओढून घेतलेला पाय, वळलेला खुबा, कठड्यावर सरकणारा हात. पुन्हा टाच. किशोरला फोन काढायला हात मोकळा नव्हता. त्याला बघावंच लागलं. इतके महिने तो त्याच ट्रॅकवर होता, पण हे त्यानं पाहिलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर मला इतक्या लांबूनही दिसलं.

इसाकभाई समोर आले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, रोज असंच?"

"रोज."

"मला वाटलं होतं, एव्हाना बरं झालं असेल."

"थांबलो की पाऊल अवघडतं," इसाकभाई म्हणाले. "येतो."

आणि ते पुढे गेले. किशोरनं परत जायला हरकत नव्हती, वाट मोकळी झाली होती. तो गेला नाही. इसाकभाई बागेला वळसा घालून पुन्हा त्या कुंपणाशी पोचले तेव्हा आठ मिनिटं झाली होती, आणि किशोर तिथेच उभा होता. पेढा कंटाळून त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून पडला होता.